गुलाबाचे कूळ आणि कोल्हापूरची बाग

गुलाबाच्या सुमारे दीडशे जंगली जाती पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात आढळतात. त्यांतल्या काही भारतातल्याही आहेत. मणिपूरच्या डोंगरांत झाडांवर उंच चढत जाणारा, मोठ्या फिकट फुलांचा ‘रोझा जायगँशिया’ आहे. पाणथळ जागीही तग धरणारा ‘रोझा क्लायनोफायला’ आहे. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतला ‘रोझा लेशेनॉल्टियाना’ आहे. मात्र कोल्हापूरच्या अंगणात, गच्चीवर किंवा बंगल्याच्या कुंपणालगत जो गुलाब फुलतो तो यांपैकी कोणी नव्हे. तो संकरातून आलेला, माणसाने घडवलेला गुलाब आहे. असे हजारो वाण आज जगभर लावले जातात आणि त्यांच्या मुळाशी जेमतेम आठ-दहा जंगली जाती आहेत. एका पूर्वजाकडून वारंवार फुलण्याची सवय आली, दुसऱ्याकडून सुगंध, तिसऱ्याकडून पिवळा रंग आणि त्या रंगाबरोबर एक रोगही आला. वाणाचे कूळ कळले की त्याचे झुडूप किती वाढेल, बहर कधी आणि किती येईल, छाटणी कशी करावी आणि पावसाळ्यात ते टिकेल की नाही, याचा बराचसा अंदाज रोप लावण्यापूर्वीच बांधता येतो. घरच्या बागेसाठी गुलाबाचे प्रकार समजून घ्यायचे ते यासाठी. फोटो पाहून किंवा रोपावर असलेले एक फूल पाहून केलेली निवड बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यात फसते.

रोपवाटिकांतून चालणारी वर्गवारी वेगळी असते. गावठी, कलमी, बटन, काश्मिरी, डच आणि वेली ही नावे कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत कुठेही ऐकू येतात. ती निरुपयोगी नाहीत, पण ढोबळ आहेत. ‘कलमी’ म्हणजे डोळा भरून तयार केलेले कोणतेही रोप. त्यात चार वेगवेगळ्या गटांचे वाण येऊ शकतात. ‘काश्मिरी’ म्हणून मिळणाऱ्या, झुपक्याने फुलणाऱ्या लहान गुलाबाचा काश्मीरशी संबंध असेलच असे नाही. ‘चिनी गुलाब’ तर गुलाबच नव्हे. ती जमिनीलगत पसरणारी, मांसल पानांची पोर्टुलाका ही वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे. म्हणून माळ्याचे नाव ऐकून घ्यावे आणि त्याच्या पलीकडे जाऊन वाणाचे नाव विचारावे.

शास्त्रीय वर्गवारीत गुलाबांचे तीन मोठे विभाग पडतात : जंगली, जुने आणि आधुनिक. जुने आणि आधुनिक यांच्यामधली रेषा १८६७ या वर्षी ओढली जाते. त्या वर्षी फ्रान्समध्ये गियो यांनी ‘ला फ्रान्स’ हा वाण आणला आणि तो पहिला हायब्रिड टी मानला गेला. त्या आधीचे गट ते जुने गुलाब. या बदलाची तयारी मात्र पाऊणशे वर्षे आधी सुरू झाली होती. युरोपातले जुने गुलाब बहुतांशी वर्षातून एकदाच, वसंतात फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला चीनमधून बागेतले काही गुलाब युरोपात पोचले. फांदीला नवी फूट आली की तिच्या टोकाला फूल, ही त्यांची सवय. थंडी फारशी नसलेल्या प्रदेशात असा गुलाब जवळपास बारा महिने फुलत राहतो. कोल्हापुरात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत एकेका झुडपाला तीन-चार बहर येतात त्याचे श्रेय या चिनी रक्ताला आहे.

जुन्या गुलाबांपैकी महाराष्ट्राच्या परसात खऱ्या अर्थाने रुजला तो गावठी गुलाब. या नावाखाली प्रामुख्याने दोन प्रकारची झाडे मिळतात. एक ‘एडवर्ड’, म्हणजे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर दमास्क आणि चिनी गुलाबांच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या बूर्बाँ गटाचा गुलाबी, सुवासिक वाण. दुसरा ‘ग्रुस आन टेप्लित्झ’, रुडॉल्फ गेश्विंड यांचा १८९७ मधला गडद लाल वाण. त्याचे मूळ नाव इथल्या बहुतेकांच्या कानावरूनही गेलेले नसते. दोघांची फुले सैल, मान थोडी झुकलेली, पाकळ्या दुसऱ्या दिवशी गळणाऱ्या. प्रदर्शनात त्यांना कोणी विचारत नाही. पण फांदी कापून ओल्या मातीत खोचली तरी ती मुळे धरते, खुंटाची गरज नाही, आणि पहाटे उमललेल्या फुलाचा वास ओंजळीला लागून राहतो. गुलकंद करायचा तर हेच फूल. उमललेल्या फुलांच्या पाकळ्या सकाळी खुडून, खडीसाखरेबरोबर थरावर थर देऊन बरणी उन्हात ठेवली की काही आठवड्यांत गुलकंद मुरतो. बाजारातली किंवा हारातली फुले त्यासाठी मुळीच वापरू नयेत, कारण त्यांवर औषधफवारणी झालेली असते. खऱ्या दमास्क गुलाबाची गोष्ट वेगळी आहे. कनौज, हसायन आणि पुष्करच्या अत्तर-गुलाबपाण्याच्या धंद्याचा तो आधार आहे, पण त्याला चांगली थंडी लागते आणि तो वर्षातून एकदाच भरात येतो. कोल्हापूरच्या सौम्य हिवाळ्यात त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

आधुनिक गुलाबांतला सर्वांत मोठा गट हायब्रिड टी. चहाचा वास येतो म्हणून ‘टी’ म्हटले जाणारे नाजूक चिनी गुलाब आणि एकोणिसाव्या शतकातले काटक युरोपीय संकर यांच्या मिलाफातून तो आला. गुलाब म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे फूल येते ते याचेच. लांब सरळ दांडा आणि त्यावर एकच मोठे फूल. कळी उलगडू लागली की बाहेरच्या पाकळ्या कडेने मागे वळतात, मधला भाग मात्र उंच आणि निमुळता राहतो. फूल अर्धे ते पाऊण उमललेले असताना या मध्याची बांधणी सर्वांत देखणी दिसते आणि प्रदर्शनात परीक्षक पाहतात तेही तेव्हाच. दांड्याच्या टोकाला मुख्य कळीशेजारी एक-दोन बारीक कळ्या येतात. त्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या तर मुख्य फूल मोठे होते. खुडायला उशीर झाला तर मानेशी व्रण राहतो आणि परीक्षकाला तो नेमका दिसतो.

या गटातले काही वाण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. ‘ग्लॅडिएटर’ हा १९५५ चा अमेरिकन लाल वाण काटक आहे, भरपूर फुलतो आणि उघड्या शेतावर फुलांसाठी त्याची लागवड झाली ती याच गुणांमुळे. नवख्याने पहिला हायब्रिड टी म्हणून तोच घ्यावा. १९६० चा ‘सुपरस्टार’ झगझगीत शेंदरी रंगासाठी ओळखला जातो. फ्रान्सिस मेयाँ यांचा ‘पीस’ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, या नावाने जगापुढे आला. पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कडा असलेले हे फूल हवामानाप्रमाणे रंग बदलते. थंडीत कडा गडद होतात, एप्रिलच्या उन्हात सारे फूल फिकट पडते. ‘डबल डिलाइट’ची तर गंमतच आहे. पांढुरक्या पाकळ्यांवर लाल छटा चढते ती सूर्यप्रकाशामुळे, म्हणून सावलीतल्या कुंडीत तो कधीच खरा रंग दाखवत नाही. ‘पापा मेयाँ’चा काळसर लाल रंग आणि खोल सुगंध अप्रतिम आहे, मात्र रोगाला तो लवकर बळी पडतो. निळ्या गुलाबाच्या नावाखाली विकला जाणारा ‘ब्लू मून’ फिकट जांभळा आहे. गुलाबाच्या पाकळीत निळा रंग देणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य नैसर्गिकरीत्या तयार होत नाही, तेव्हा गडद निळ्या गुलाबाचे रोप कोणी देऊ केले तर ते घेऊ नये.

पिवळ्या गुलाबाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. १९०० पर्यंत हायब्रिड टी गुलाबांत खरा गडद पिवळा रंग नव्हता. फ्रान्समधल्या लिऑन शहराचे पेर्ने-दुशेर यांनी पश्चिम आशियातला ‘रोझा फिटिडा’ संकरात आणला आणि ‘सोलेय दोर’ हा वाण दिला. पुढे पिवळ्याबरोबर केशरी, जर्दाळू, तांब्याच्या रंगाच्या सगळ्या छटा त्याच वाटेने आल्या. ‘फिटिडा’ कोरड्या हवेतला, त्यामुळे पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला तोंड देण्याची ताकद त्याच्यात नव्हती, आणि हा कमकुवतपणा वारशाने पुढच्या वाणांत उतरला. या बुरशीचा बीजाणू रुजायला पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत पान दिवसच्या दिवस वाळत नाही. म्हणून ऑगस्टअखेर अनेक बागांत पिवळ्या-केशरी वाणांच्या नुसत्या काड्या उरलेल्या दिसतात, तर शेजारचा लाल किंवा गुलाबी वाण ठिपके पडूनही पानांनिशी उभा असतो. अशी झाडे लावूच नयेत असे नाही. ती भिंतीलगत न लावता वारा खेळेल अशा ठिकाणी, एकमेकांपासून सुटी लावावीत, पडलेली पाने रोज वेचून बागेबाहेर टाकावीत आणि पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नव्हे. गगनबावडा-राधानगरीच्या पट्ट्यात, जिथे पाऊस याच्या कित्येक पट आहे, तिथे मात्र पिवळा हायब्रिड टी उघड्यावर लावण्याचा हट्ट सोडावा.

हायब्रिड टीच्या खालोखाल महत्त्वाचा गट फ्लोरिबंडा. बुटके, झुपक्याने फुलणारे पॉलिअँथा गुलाब आणि हायब्रिड टी यांचा संकर डेन्मार्कच्या पोल्सन घराण्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात केला. फूल मध्यम, पण एका दांड्यावर पाच-दहा एकदम. एखादे फूल सुटे पाहिले तर ते हायब्रिड टीपुढे साधे वाटते. झुडूप म्हणून पाहिले तर बागेत रंग भरतो तो हाच. कॉर्डेस यांचा १९५८ चा पांढरा ‘आइसबर्ग’ जगात सर्वाधिक लावल्या गेलेल्या गुलाबांपैकी एक आहे आणि कोल्हापुरातही तो उत्तम चालतो; थंडीत त्याच्या कळीवर हलकी गुलाबी झाक येते. घरच्या बागेत मेहनत आणि फळ यांचा हिशेब मांडला तर फ्लोरिबंडाचे पारडे जड आहे, तरी खरेदीच्या वेळी लोक मोठ्या फुलाला भुलतात. फ्लोरिबंडाच्या झुपक्यात मात्र सगळ्यांत मधली कळी आधी उमलते आणि आधी सुकते; तीच लवकर काढून टाकली तर बाकीचा झुपका एकसारखा फुलतो. हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा यांच्या मधला, उंच झुडपाचा आणि मोठ्या फुलांच्या झुपक्यांचा ग्रँडिफ्लोरा हा गट १९५४ च्या ‘क्वीन एलिझाबेथ’पासून मानला जातो. हा गुलाबी वाण पुरुषभर उंच होतो, म्हणून तो नेहमी मागच्या रांगेत लावावा.

बटन गुलाब म्हणजे मिनिएचर, आणि काही वेळा पॉलिअँथा. मिनिएचरमध्ये फूल, पान, काटा सगळेच लहान असते. वीस-बावीस सेंटिमीटरच्या कुंडीत, खिडकीच्या कट्ट्यावर ते राहते, मात्र ऊन त्यालाही पाच-सहा तास हवेच. कुंडी लहान असल्याने उन्हाळ्यात ती दिवसातून दोनदा कोरडी पडते आणि मग लाल कोळी चढतो, एवढीच काळजी.

वेली गुलाबांना वेलीसारखे ताणे नसतात. ते लांब काड्या सोडतात आणि त्या बांधाव्या लागतात. काडी उभी बांधली तर फक्त शेंड्याला फुले येतात. तीच आडवी वाकवून बांधली तर प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो आणि काडीभर फुले लागतात. ‘गोल्डन शॉवर्स’, ‘कॉकटेल’, ‘प्रॉस्पेरिटी’ हे कमानीसाठी आजमावलेले वाण आहेत. यांची दरवर्षी तळाशी छाटणी केली तर फुले येणार नाहीत. केवळ जुन्या, निबर काड्या काढाव्यात.

डच गुलाब हा वनस्पतिशास्त्रातला गट नसून व्यापारातला आहे. हरितगृहात वाढवण्यासाठी निवडलेले ‘फर्स्ट रेड’, ‘ताजमहाल’, ‘टॉप सिक्रेट’ यांसारखे हायब्रिड टी वाण म्हणजे डच गुलाब. मावळातल्या तळेगाव दाभाडे परिसरात आणि कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या कोंडिग्रे येथे अशा फुलशेतीची हरितगृहे आहेत. लांब दांडा, घट्ट कळी, पेटीतून दूरचा प्रवास आणि फुलदाणीत आठवडाभर टिकणे या कसोट्यांवर हे वाण निवडले गेले आणि त्या निवडीत सुगंध मागे पडला. सुगंध कसा तयार होतो यावर २०१५ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी महत्त्वाचा शोध मांडला. गुलाबाच्या वासातला मोठा वाटा असलेला जिरॅनिऑल हा घटक एका विशिष्ट विकरामुळे तयार होतो आणि वास नसलेल्या वाणांत ते विकर जवळजवळ निष्क्रिय असते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ यांचीच तुलना केली होती. घरी उघड्यावर लावलेला डच गुलाब बाजारातल्यासारखे फूल देत नाही. दांडा आखडतो, भुरी येते. फुलांच्या दुकानातला गुच्छ पाहून ते रोप घरासाठी मागू नये.

भारतात तयार झालेल्या वाणांना बागेत मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही. गव्हावरील संशोधनासाठी जगभर नाव झालेले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचे मोठे पैदासकार होते. ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा हायब्रिड टी, ‘दिल्ली प्रिन्सेस’ आणि ‘बंजारन’ हे फ्लोरिबंडा त्यांचे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’, ‘भीम’ हे वाण आहेत. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी वर उल्लेख केलेले ‘जायगँशिया’ आणि ‘क्लायनोफायला’ हे भारतीय जंगली गुलाब संकरात वापरले. उष्ण प्रदेशासाठी गुलाब उष्ण प्रदेशातल्याच पूर्वजांपासून घडवावा, ही त्यांची दृष्टी. युरोपातल्या थंड उन्हाळ्यासाठी निवडलेल्या वाणापेक्षा भारतात, इथल्या हवेत निवडलेला वाण इथल्या बागेत टिकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून रोपवाटिकेत ही नावे आवर्जून मागावीत.

वाण कोणताही असो, कलमी रोप म्हणजे दोन झाडे असतात. वर निवडलेला वाण, खाली काटक जंगली किंवा अर्धजंगली गुलाबाचा खुंट. महाराष्ट्रात इंडिका आणि मल्टिफ्लोरा, तर हरितगृहांसाठी नताल ब्रायर हे खुंट वापरले जातात. जिथे डोळा भरला आहे तिथे बुंध्यावर एक फुगवटा दिसतो. लावताना तो जमिनीच्या वर राहिला पाहिजे. त्याच्या खालून निघालेला फुटवा खुंटाचा असतो. तो हिरवागार, जोमदार, सरळ वर जाणारा असतो आणि नवखा माळी त्याला पाहून खूश होतो. वर्षभरात तो खालचे सगळे अन्न ओढतो, वरचा वाण सुकतो आणि लाल गुलाबाच्या झाडाला लहान पांढरी किंवा गुलाबी फुले येऊ लागतात. गुलाबाने रंग बदलला अशी तक्रार होते ती यामुळे. सात पर्णिकांचे पान म्हणजे जंगली फुटवा हा ठोकताळा सर्वत्र प्रचलित आहे, पण तो खात्रीचा नाही. अनेक चांगल्या वाणांनाही सात पर्णिका येतात. माती थोडी उकरून फुटवा फुगवट्याच्या वरून निघाला की खालून एवढेच पाहावे. खालून असेल तर कात्रीने न कापता मुळाशी धरून खेचून काढावा. कापलेला फुटवा पुन्हा फुटतो.

माती हा कोल्हापुरात दुहेरी प्रश्न आहे. शहरात आणि पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडे भारी काळी जमीन. ती पाणी धरून ठेवते आणि चुनखडीचे प्रमाण जास्त असेल तर गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते. पश्चिमेला पन्हाळा-शाहूवाडीकडे तांबडी, निचऱ्याची माती. तिथे पाणी आणि अन्न दोन्ही लवकर वाहून जाते. काळ्या जमिनीत गादीवाफा करून तांबडी माती, वाळू आणि शेणखत मिसळावे. तांबड्यात शेणखताचे प्रमाण वाढवावे. साखर कारखान्याची मळी या जिल्ह्यात सहज मिळते आणि खत म्हणून ती चांगलीही आहे, मात्र पूर्ण कुजलेलीच वापरावी. पंचगंगेच्या पुराचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या वस्त्यांत शिरले तिथे गुलाब कुंड्यांत ठेवणे शहाणपणाचे. मुळाशी पाणी तुंबून राहिले तर गुलाब तग धरत नाही. हायब्रिड टीला निदान तीस सेंटिमीटरची कुंडी हवी. जमिनीत त्याला पाऊण मीटर, फ्लोरिबंडाला साठ सेंटिमीटर, मिनिएचरला तीस सेंटिमीटर अंतर पुरते.

मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करतात. हायब्रिड टी गुडघ्याच्या आसपास उतरवावा, फ्लोरिबंडा मध्यम, मिनिएचर हलकेच. गावठी गुलाबाच्या फक्त वाळक्या आणि गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. काप बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका द्यावा आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर शेंड्याकडून काडी काळी पडत खाली येते. छाटणीपासून सुमारे सात आठवड्यांत बहर येतो. कोल्हापूरच्या गार्डन्स क्लबची पुष्पप्रदर्शने महावीर उद्यानात हिवाळ्यात भरतात; तिथे फुले मांडणारे प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून छाटणी करतात. नवीन लावणाऱ्याने खरेदीपूर्वी असे एखादे प्रदर्शन पाहून यावे. तिथे प्रत्येक फुलापुढे वाणाचे नाव असते, आणि जे फूल तिथे उत्तम आले आहे ते कोल्हापूरच्याच हवेत वाढलेले असते.

जेमतेम चार-पाच झाडांची जागा असेल तर एक गावठी, दोन फ्लोरिबंडा, एक ‘ग्लॅडिएटर’ किंवा ‘मृणालिनी’ आणि हौस असेल तर एक पिवळा, अशी सुरुवात करावी. रोप घेताना वाणाचे नाव विचारून लिहून घ्यावे आणि ते न पुसले जाईल अशा पट्टीवर लिहून झाडाला बांधावे. नाव हरवलेल्या झाडाची छाटणी, खत आणि औषध सगळेच अंदाजाने करावे लागते.